हिशोबाची ताकद : गणिताचे मास्तर गोपाळ कृष्ण गोखले

बारावीचे निकाल लागले की माधवनगर, सांगली, मिरज या पट्ट्यातले अनेक पालक आम्हा शिक्षकांकडे येतात. मुलाला किंवा मुलीला गणितात चांगले मार्क असतात. कॉलेजात गणित किंवा स्टॅटिस्टिक्स घ्यायचं, पुढे युनिव्हर्सिटीत फायनान्सचं गणित शिकायचं, असं त्यांच्या मनात असतं. घरात मात्र तीन अडचणी पुढे येतात. पहिली, पैसा कुठून आणायचा. दुसरी, एवढं गणित शिकून नोकरी काय लागणार. तिसरी जरा दबक्या आवाजात सांगितली जाते. हे सगळं व्याजाचं गणित आहे, मग आपल्या मुलांनी ते शिकावं का?

या तिन्ही प्रश्नांवर विचार करताना आम्हाला एका माणसाची आठवण येते. तो मुसलमान नव्हता, पण आपल्याच भागात वाढला, गरिबीत शिकला, गणिताचा मास्तर झाला आणि नुसत्या हिशोबाच्या जोरावर त्याने इंग्रज सरकारला जाब विचारला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना गांधीजींचे राजकीय गुरू आणि मवाळांचे नेते म्हणून वाचतो. ते आधी गणिताचे विद्यार्थी आणि शिक्षक होते, आणि देशाच्या पैशाचा अभ्यास हेच त्यांचं खरं हत्यार होतं, ही गोष्ट बहुतेक मागे राहून जाते. म्हणून आज आपण त्यांच्या आयुष्याकडे त्या बाजूने पाहू.

पंधरापैकी आठ रुपये

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात कोतळूक या खेड्यात झाला. वडील कृष्णराव नोकरीसाठी घाट चढून कागलला आले. कागल म्हणजे कोल्हापूरच्या पलीकडचं गाव, आपल्या सांगलीपासूनही फार लांब नाही. कोकणातून पोटासाठी वर आलेली कुटुंबं आपल्या समाजातही पुष्कळ आहेत, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

१८७९ मध्ये वडील वारले. गोपाळ तेव्हा तेरा वर्षांचा होता. मोठा भाऊ गोविंदराव हाही शिकत होता. घर कोण चालवणार हा प्रश्न आला तेव्हा गोविंदरावांनी शिक्षण सोडलं आणि कागललाच महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्या १५ रुपयांतले ८ रुपये ते दर महिन्याला गोपाळच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवत. उरलेल्या ७ रुपयांत घर चालायचं.

गणिताच्या तासाला आम्ही मुलांना कधी कधी हा हिशोब घालतो. १५ पैकी ८ म्हणजे किती टक्के? त्रेपन्न टक्क्यांहून थोडे जास्त. म्हणजे घरातल्या एकुलत्या एक कमाईतला अर्ध्याहून मोठा वाटा एका मुलाच्या शिक्षणावर गेला. आपल्याकडे पगाराचा केवढा वाटा कशावर जातो, हे प्रत्येक घराने एकदा मांडून पाहावं. लग्नात मांडव, जेवणं आणि कपडे यांच्यावर होणारा खर्च एका बाजूला लिहावा आणि मुलांच्या फीवर झालेला दुसऱ्या बाजूला. आकडे खोटं बोलत नाहीत.

भावाचे ते ८ रुपये पुरवून वापरायचे म्हणून गोपाळने हात आखडून दिवस काढले. एकदा एका मित्राने नाटकाला नेलं आणि नंतर तिकिटाचे दोन आणे मागितले, तेव्हा ते भरून काढण्यासाठी दिव्याचं तेल वाचवून रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला, असं सांगितलं जातं. दुसरा किस्सा तर अनेकांनी लहानपणी वाचला असेल. मास्तरांनी घरी करायला दिलेलं गणित बरोबर आलं म्हणून शाबासकी मिळाली आणि हा मुलगा रडू लागला, कारण ते गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवलं होतं. उत्तर बरोबर असून चालत नाही, ते आपलं असावं लागतं, ही समज त्या वयातच होती, असं या किश्श्यातून सांगायचं असतं. पुढच्या आयुष्यात ही समज त्यांना फार कठीण वेळी उपयोगी पडली.

१८८१ मध्ये गोपाळ मॅट्रिक झाला. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करत १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो बी.ए. झाला. एल्फिन्स्टनमध्ये गणित हा त्याच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता आणि तिथे त्याला शिष्यवृत्तीही मिळाली.

मास्तरकी

अठराव्या वर्षी इंग्रजी येणारा पदवीधर म्हणजे त्या काळी मोठी गोष्ट होती. सरकारी नोकरी होती, वकिलीची वाट होती. गोखल्यांनी मात्र जानेवारी १८८५ मध्ये पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये महिना ३५ रुपयांवर शिक्षकाची नोकरी घेतली. ही शाळा टिळक, आगरकर, चिपळूणकर या मंडळींनी १८८० मध्ये काढली होती. त्यातूनच डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. लोकमान्य टिळकही तिथे गणितच शिकवत होते, हे विसरू नये. मराठी मुलखातले हे दोन्ही मोठे पुढारी गणिताच्या वर्गातून बाहेर आले.

गोखले सोसायटीचे आजीव सभासद झाले. याचा अर्थ असा की वीस वर्षं साध्या पगारावर शिकवायचं, जास्त पैशाची नोकरी शोधायची नाही. पगार महिना ७५ रुपये ठरला. फर्ग्युसनमध्ये त्यांनी गणित शिकवलं, इंग्रजी शिकवलं, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवलं. ज्या विषयाला शिक्षक नाही तो गोखल्यांना द्यायचा, अशीच जणू रीत पडली. कॉलेजच्या इमारतीसाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करण्याचं कामही त्यांच्याकडे आलं.

याच काळात त्यांनी शाळेतले सहकारी ना. ज. बापट यांच्याबरोबर अंकगणिताचं एक पुस्तक तयार केलं. ते पुढे देशभरातल्या शाळांत चाललं आणि अनेक भारतीय भाषांत गेलं. अपूर्णांक, त्रैराशिक, सरळव्याज, चक्रवाढ, नफा-तोटा. आज ज्याला आपण फायनान्सचं गणित म्हणतो त्याची पहिली पायरी हीच. गोखल्यांनी तिथून सुरुवात केली आणि मग तेच गणित शाळेच्या पाटीवरून उचलून देशाच्या तिजोरीला लावलं.

रानड्यांच्या घरचा अभ्यास

यात मोठा वाटा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा आहे. १८८७ च्या सुमारास गोखले त्यांच्याकडे जाऊ लागले. रानडे त्यांना सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रकं, जनगणनेचे तक्ते वाचायला देत. नुसतं वाचून भागत नसे. त्याचं टिपण करायचं, आकडे तपासायचे, मागच्या वर्षाशी ताडून पाहायचे आणि मग मत मांडायचं. टिपण मनासारखं झालं नाही तर पुन्हा लिहायचं. हा अभ्यास १९०१ मध्ये रानडे वारले तोपर्यंत, म्हणजे तेरा-चौदा वर्षं, चालू राहिला.

आपल्याकडे उस्ताद आणि शागीर्द यांचं जे नातं सांगतात ते हेच. पदवी हातात आल्यावर शिक्षण संपलं, असं मानणाऱ्या मुलांना ही चौदा वर्षं सांगायला हवीत. युनिव्हर्सिटीने गोखल्यांना गणित दिलं. त्या गणिताचं करायचं काय, हे उस्तादाने शिकवलं.

लंडनची साक्ष आणि एक कडू धडा

हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करायला इंग्लंडमध्ये लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमलं गेलं. दादाभाई नौरोजी स्वतः त्याचे सभासद होते. १८९७ मध्ये गोखले त्याच्यापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले. वय होतं अवघं तीस. समोर इंग्रज अर्थतज्ज्ञ आणि अधिकारी. लष्करावर किती खर्च होतो, मोठ्या पगाराच्या जागांवर कोण बसलं आहे, शिक्षणाला काय मिळतं, हे सगळं त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून मांडलं. उलटतपासणीतही त्यांचा हिशोब डगमगला नाही. या दौऱ्यात त्यांचं नाव झालं.

पण त्याच दौऱ्यात एक घटना घडली. पुण्यात प्लेगची साथ होती. घरझडतीला आलेले गोरे सैनिक लोकांशी आणि बायकांशी गैरवर्तन करतात, अशी पत्रं पुण्याहून गोखल्यांना गेली. त्यांनी ती माहिती इंग्लंडमधल्या वर्तमानपत्राला दिली आणि पार्लमेंटपर्यंत गडबड उडाली. गोखले परत आले तेव्हा सरकारने पुरावा मागितला. पत्रं लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते. गोखल्यांनी त्यांची नावं सांगितली नाहीत, सगळा भार स्वतःवर घेतला आणि ऑगस्ट १८९७ मध्ये जाहीर माफी मागितली.

लोक त्यांच्यावर तुटून पडले. भित्रा म्हणाले, बरंच काही म्हणाले. लोकांचे हाल खरेच झाले होते, याबद्दल पुण्यात फारसा कुणाला संशय नव्हता. पण गोखल्यांच्या दृष्टीने प्रश्न वेगळा होता. जे आपण सिद्ध करू शकत नाही ते आपण बोललो, हे मान्य करणं त्यांना भाग वाटलं. त्यानंतरच्या भाषणांत त्यांनी कच्चा आकडा कधी वापरला नाही. आज मोबाइलवर आलेला कुठलाही मेसेज आपण न तपासता दहा ग्रुपवर पाठवतो. खबर आली तर आधी तिची खातरजमा करा, ही तर कुरआनची शिकवण आहे. अन्याय खरा असला तरी तो मांडताना पुरावा पक्का हवा. नाहीतर अन्याय बाजूला राहतो आणि आपणच आरोपी होतो. गोखल्यांनी हा धडा मोठी किंमत देऊन शिकला.

शिल्लक कुणाची?

१८९९ मध्ये गोखले मुंबई कायदे कौन्सिलात गेले आणि १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात. त्या वर्षी २६ मार्चला त्यांनी बजेटवर पहिलं भाषण केलं. हे भाषण समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात फायनान्सच्या गणिताचा गाभा आहे.

त्या वेळी सरकारच्या तिजोरीत दर वर्षी कोट्यवधी रुपयांची शिल्लक पडत होती. इतर सभासद सरकारचं अभिनंदन करत होते. शिल्लक म्हणजे देश सुखी, असा हिशोब. पण त्याच काळात देशाने लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पाहिले होते. लोक उपाशी आणि तिजोरी भरलेली, हे कसं? गोखल्यांनी याचं कारण रुपयाच्या भावात दाखवलं.

आपण साध्या आकड्यांत पाहू. हिंदुस्थान सरकारला दर वर्षी पेन्शन, कर्जाचं व्याज, लष्करी सामान अशा कारणांसाठी लंडनला मोठी रक्कम पौंडात पाठवावी लागे. १९०० च्या सुमारास ती साधारण १ कोटी ७० लाख पौंड होती. एका पौंडाचे २४० पेन्स. चांदी स्वस्त होत गेल्याने १८९४-९५ पर्यंत एक रुपया घसरून १३ पेन्सच्या आसपास आला होता. म्हणजे एका पौंडासाठी जवळपास साडेअठरा रुपये द्यावे लागत. १८९३ मध्ये सरकारने लोकांसाठी चांदीची नाणी पाडणं बंद केलं. त्यामुळे नाणी दुर्मीळ झाली, रुपया वर चढला आणि १६ पेन्सवर स्थिर झाला. आता एका पौंडाला १५ रुपये पुरू लागले.

१ कोटी ७० लाख पौंडांना आधी सुमारे ३१ कोटी ४० लाख रुपये लागले असते, आता साडेपंचवीस कोटी. म्हणजे जवळपास ६ कोटी रुपये वर्षाला वाचले. मधल्या तोट्याच्या काळात, पौंड महाग झाला आहे असं सांगून, सरकारने कर वाढवले होते. १८८६ मध्ये प्राप्तिकर आला, १८८८ मध्ये मिठावरचा कर चढला. आता पौंड स्वस्त झाला, पण वाढवलेले कर तसेच राहिले. तीच ही शिल्लक. ती देशाच्या भरभराटीची नव्हती. रयतेकडून गरजेपेक्षा जास्त वसूल झालेला पैसा होता.

रुपया महाग झाल्याने शेतकऱ्याच्या मालाला रुपयांत भाव कमी मिळाला. गरिबाने अडीअडचणीसाठी चांदीचे दागिने ठेवलेले असत, त्यांचीही किंमत नाण्याच्या मानाने उतरली. शिल्लक कुणाच्या खिशातून आली, हे गोखल्यांनी असं उलगडून दाखवलं. मग मागणी केली की कर कमी करा आणि उरलेला पैसा शिक्षण, आरोग्य, शेती यांवर लावा.

सगळं श्रेय एका भाषणाला देता येणार नाही, काँग्रेस वर्षानुवर्षं हे मागत होती. पण १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. प्राप्तिकर आधी वर्षाला ५०० रुपये कमावणाऱ्यालाही लागत होता, १९०३ मध्ये ती मर्यादा १,००० रुपयांवर गेली. तो मण साधारण ३७ किलोचा. म्हणजे किलोभर मिठामागे एक आण्याहून जास्त असलेला कर अर्ध्या आण्याच्या खाली आला. मीठ नवाबही खातो आणि हमालही खातो, आणि कर दोघांना सारखाच. त्यामुळे तो कमी झाला की सर्वात जास्त दिलासा हमालाला मिळतो.

आपल्या सांगलीत हळदीचा सौदा होतो, तासगावच्या बेदाण्याचे भाव दिल्लीपासून दुबईपर्यंत हलतात. रुपया-डॉलरचा भाव पाच रुपयांनी बदलला की शेतकरी, व्यापारी आणि आखातात राबणारा आपला भाऊ, तिघांच्या घरी त्याचा परिणाम पोहोचतो. हे गणित कळणारी माणसं आपल्यात किती आहेत?

शिक्षणाचं बिल

१९०५ मध्ये गोखले काँग्रेसच्या बनारस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी १२ जूनला त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. १९०९ च्या सुधारणांच्या वेळी मुसलमानांना स्वतंत्र प्रतिनिधित्व देण्यावरून मोठा वाद झाला. तेव्हा अल्पसंख्याकांच्या मनातली भीती समजून घेतली पाहिजे, अशी बाजू त्यांनी घेतली. त्यासाठी त्यांच्याच गोटातून त्यांना बोल ऐकावे लागले.

त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र वरवर पाहता अपयशी ठरलं. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं. त्या वर्षीच्या जनगणनेत देशात शंभरातली साधारण सहाच माणसं साक्षर होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी सक्तीचं शिक्षण सुरू करून दाखवलं होतं. मग इंग्रज सरकारला का जमू नये?

बिल अगदी सावध होतं. ज्या भागात आधीच ठराविक प्रमाणात मुलं शाळेत जातात, तिथल्याच नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांसाठी सक्ती करावी. मुलींनाही ती पुढे लागू करता यावी. महिना १० रुपयांपेक्षा कमी मिळकतीच्या आई-बापांकडून फी घेऊ नये. खर्चाचे तीन वाटे करावेत, दोन सरकारने उचलावेत, एक स्थानिक संस्थेने. म्हणजे हा माणूस नुसतं स्वप्न घेऊन उभा राहिला नाही, पैसा कुठून येईल याचा हिशोब घेऊन उभा राहिला. कौन्सिलातले मझहरुल हक आणि मोहम्मद अली जीना हे मुस्लिम सभासद त्यांच्या बाजूने होते. १९ मार्च १९१२ रोजी मतं पडली. बाजूने १३, विरोधात ३८. बिल पडलं.

आपल्या देशात ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुला-मुलीला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदेशीर हक्क १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. बिल पडल्यापासून अठ्ठ्याण्णव वर्षांनी. आज आपल्या मोहल्ल्यातलं मूल फी न भरता सातवी-आठवीपर्यंत शिकतं, त्यामागे हरलेल्या त्या तेरा मतांचाही वाटा आहे.

१९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथे करारातून सुटलेल्या हिंदी मजुरांवर दर वर्षी ३ पौंडांचा कर होता. तो उठवण्यासाठी गांधीजींचा लढा चालू होता आणि त्या लढ्यात मुसलमान व्यापारीही मोठ्या संख्येने होते. शरीर मात्र थकत चाललं होतं. मधुमेह जडलेला होता. १९१४ मध्ये सरकारने सर ही पदवी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय फक्त ४८.

आता आपला प्रश्न

सुरुवातीच्या तीन अडचणींकडे वळू. तिसरी आधी घेऊ, कारण तीच सगळ्यात नाजूक आहे.

व्याज हराम आहे, यात आपल्यापैकी कुणाला शंका नाही. कुठली नोकरी जायज आणि कुठली नाही, हा मसला ज्याने त्याने आलिमांना विचारावा. फतवा देणं शाळामास्तरांचं काम नाही. पण हिशोब शिकणं आणि व्याज खाणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी बीजगणिताचं जे पुस्तक लिहिलं, त्याचा मोठा भाग वारसा आणि वसीयतीच्या हिशोबांना दिलेला आहे. वारशाच्या गणितात बीवी, दोन मुली आणि आई-वडील मागे राहिले तर वाट्यांची बेरीज २४ पैकी २७ होते. तेव्हा प्रत्येकाचा वाटा प्रमाणात कमी करून २७ भागांत वाटणी करतात. हे सोडवायला पक्कं गणितच लागतं. जकातीचे अडीच टक्के काढायला, शिरकतीच्या धंद्यात नफा-तोटा वाटायला, तकाफुलचा निधी चालवायलाही तेच लागतं. आणि कर्जाच्या हप्त्यात सावकार किंवा फायनान्स कंपनी आपल्याला कुठे फसवते, हे ओळखायलाही चक्रवाढ यावीच लागते. ज्याला व्याज कसं वाढतं हे कळतं, तोच मोहल्ल्यातल्या भोळ्या बहिणींना बचत गटाच्या नाहीतर मायक्रोफायनान्सच्या फासातून वेळेवर बाजूला काढू शकतो.

दुसरी अडचण नोकरीची. गणित आणि स्टॅटिस्टिक्समध्ये बी.एस्सी., एम.एस्सी. करता येतं. विम्याच्या आणि जोखमीच्या हिशोबाचं अ‍ॅक्च्युअरीचं क्षेत्र आहे, त्याच्या परीक्षा वेगळ्या असतात. सरकारी आकडेवारी, लेखापरीक्षण, अध्यापन, संशोधन अशा वाटा आहेत. रस्ता लांब आहे आणि मेहनत खूप आहे, हे मुलांना आधीच सांगावं. गोखले पदवीनंतर चौदा वर्षं उस्तादाकडे शिकत होते, हेही सांगावं.

पहिली अडचण पैशाची. आपल्या इथल्या मुलांना लांब जायची सक्ती नाही. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ मध्ये सुरू झालं. ते ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने काढलं, तिच्यासाठी गोखल्यांनी ऐन तारुण्य दिलं आणि दारोदार वर्गणी मागितली. चिंतामणराव कॉमर्स कॉलेजही त्याच सोसायटीचं. माधवनगरहून ही कॉलेजं रोज जाऊन-येऊन करण्याएवढी जवळ आहेत, पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे. मुलगी आहे म्हणून लांब कशी पाठवायची, हा प्रश्न निदान पहिल्या तीन वर्षांसाठी तरी उरत नाही.

राहिली फी. ती प्रत्येक जमातीने मनावर घेतली तर कठीण नाही. वस्तीत गणितात हुशार असलेली दोन-तीन मुलं-मुली शोधायची, शिष्यवृत्तीचे फॉर्म वेळेवर भरून द्यायचे आणि कमी पडेल ते आपसांत गोळा करायचं. कागलच्या एका कारकुनाने १५ रुपयांतून ८ रुपये बाजूला काढले तेव्हा आपला भाऊ एक दिवस व्हाइसरॉयसमोर उभा राहून देशाचा हिशोब मागेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. धाकट्याने शिकावं एवढंच त्याच्या मनात होतं. तेवढी नियत आपल्या घराघरांत असू द्या. बरकत देणारा अल्लाह आहे.